पिल्लांना पाण्यात सोडायचं नाही

पिंपळवाडी, ता. चिखली
८ जानेवारी

चि. समीक्षा हिस,
अनेक आशीर्वाद.

माहेरी गेल्यापासून तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. शेखर रोज फोन लावतो, वाजून वाजून बंद झाला की उशीखाली ठेवतो आणि तोंडावर पांघरूण घेतो. तू हे पत्र वाचलं नाहीस तरी मी काही म्हणणार नाही. पण काम तुझं आहे, म्हणून कळवणं भाग आहे.

काल दुपारी तुझी बदकाची पिल्लं आली. पंचवीस. सप्टेंबरात तू प्रशिक्षणाला गेली होतीस तेव्हाच नोंदवून आली होतीस म्हणे. मी तर विसरूनच गेले होते. सहावा महिना होता तुला, एसटीनं जाऊ नको म्हणाले होते मी, आणि तू गेलीसच. जीपवाल्यानं भोकं पाडलेलं खोकं ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "समीक्षाताईचं हाय."

शेखर बाहेरही आला नाही. आतूनच म्हणाला, "वापस घेऊन जा भाऊ. आमच्या इथं आता कोनी नाही त्याहिले पाहाले."

मी म्हणाले, "राहू दे." का म्हणाले ते सांगता येत नाही. शेततळ्यावर बदकं सोडायची हे तू लग्न होऊन आल्यापासून बोलत होतीस, एवढंच आठवलं.

एक पिल्लू खोक्यातच मेलेलं निघालं. चोवीस आहेत. पिवळी, आणि पाठीवर थोडी काळी. तुझ्या खोलीत ठेवली आहेत. दुसऱ्या खोलीचं दार नीट लागत नाही, वारा आत येतो, आणि तुझ्या खोलीत बल्ब आधीपासून टांगलेला होता. पत्र्याचं गोल कडं केलं, खाली सोयाबीनचं कुटार पसरलं.

तुझी प्रशिक्षणाची वही कपाटात सापडली, पण मधल्या पानांवर पाणी सांडून शाई फुटली आहे. बल्ब किती उंचावर ठेवायचा? ऊब किती दिवस द्यायची? खायला कोरडं द्यायचं की भिजवून? पाणी कशात ठेवायचं? मी शेळ्या, कोंबड्या केल्या, बदकं कधी केली नाहीत. तेवढं लिहून पाठव. दुसरं काही लिहू नकोस वाटलं तर.

मी बोलताना मले-तुले करते, पण लिहायला बसले की हात शाळेतलंच लिहितो. एकोणीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होते, बाईंच्या वह्या मीच भरायचे, ती सवय.

तब्येतीला जप. तुझ्यावर इथं कोणी ठपका ठेवत नाही. झालं ते झालं.

तुझी,
आई


१५ जानेवारी

चि. समीक्षा,

तुझा कागद मिळाला. वर नाव नाही, खाली सही नाही, पण अक्षर तुझंच. शेखरनं हातात घेऊन खूप वेळ पाहिला.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. बल्ब दीड वीत खाली घेतला. पिल्लं बल्बखाली एकावर एक चढून बसली तर त्यांना थंडी वाजते, कड्याला जाऊन चोच उघडी टाकून बसली तर गरम होतं, आणि सगळीकडे पसरून झोपली तर बरोबर. हे मला फार आवडलं. विचारायला नको, बोलायला नको, नुसतं पाहायचं. पहिल्या दिवशी सगळी एका ढिगात होती. दुसरा बल्ब लावला तशी हळूहळू मोकळी झाली. आता दर आठवड्याला बल्ब थोडा वर घेईन.

दिवसा लाईट जाते तेव्हा मडक्यात निखारे घालून वर परात झाकते आणि मडकं कड्याच्या बाहेर ठेवते, म्हणजे धूरही नाही आणि भाजतही नाही.

खाणं भिजवून देते, कोरडं त्यांच्या घशाला चिकटतं. पाणी पसरट ताटलीत, आत नदीचे गोटे. चोच आणि नाकाची भोकं बुडतील एवढंच, अंग बुडणार नाही. शेंगदाण्याची जुनी ढेप घरात होती, कोपऱ्यात थोडी बुरशी आली होती. एरवी मी शेळीला घातली असती. तू लिहिलंस बुरशीनं बदकाचं पिल्लू एका दिवसात जातं, म्हणून ती सगळी उकिरड्यात पुरली.

एक पिल्लू पाय फाकवून बसायला लागलं होतं. तुझ्या कागदात होतं तसं चिखलीच्या बेकरीतून यीस्ट आणून चिमूटभर रोज खाण्यात कालवते आहे. काल ते चार पावलं चाललं.

तुझ्या कागदावर एक ओळ दोनदा लिहिली आहे. पिल्लांना पाण्यात सोडायचं नाही. मशीनमध्ये उबवलेल्या पिल्लाच्या अंगाला आईच्या पिसाचं तेल लागलेलं नसतं, ते भिजतं, गारठतं आणि मरतं. महिनाभर तरी नाही.

काल शेजारच्या अन्नपूर्णाबाई आल्या होत्या. कड्यात डोकावून म्हणाल्या, "सरू, हे त पान्यातलं जनावर. त्याले काय कोरडं ठेवतं वं? घाल टोपल्यात पानी, न्हाऊ दे त्याहिले. घाण वास येऊन राह्यला."

मी त्यांना म्हणाले, "तुम्ही उठा. माह्या घरात पुन्हा न्हाऊ-धुऊचं नाव काढायचं नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी असं कधी बोलत नाही कोणाशी. त्या उठून गेल्या.

तुझ्या धाकट्या बहिणीनं, काजलनं परवा शेखरला फोन केला होता. तू धड जेवत नाहीस म्हणाली. झोपली की तासातासानं दचकून उठतेस आणि अंथरुणावर हात फिरवून पांघरूण शोधतेस. "ताई एकच बोलून राह्यली, मले झोप लागलीच कशी." शेखरनं हे मला सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत होते. मी म्हणाले, समजाव तिला. तो म्हणाला, काय समजावू?

मी चिरलेली भाजी फोडणीला टाकली.

आई


१९ जानेवारी

समीक्षा,

आज वाईट झालं.

मी सकाळी खाणं आणायला चिखलीला गेले होते. ऊन चांगलं पडलं होतं. शेखरनं मोटर चालू करून मोठा प्लास्टिकचा टब भरला आणि आठ पिल्लं त्यात सोडली. त्याला तुला व्हिडिओ पाठवायचा होता. पिल्लं पोहताना दिसली तर तू एकदा तरी फोन उघडशील, एवढंच त्याच्या डोक्यात. तुझा कागद त्यानं हातात घेतला होता, पण तो तुझं अक्षर बघत होता गं, वाचत नव्हता.

पहिल्यांदा ती छान पोहली म्हणे. तो व्हिडिओ मी पाहिला. मग अंगावरची लव भिजून चिकटली, टबाची कड उंच, चढता येईना. त्याला वाटलं डुबक्या मारताहेत. आणि विहिरीचं पाणी जानेवारीत कसं असतं तुला माहीत आहे.

मी जीपमधून उतरले तेव्हा तो अंगणात गोणपाटावर ती आठ घेऊन बसला होता. माना सोडलेल्या. मी पिशवी तिथंच टाकली. जुन्या लुगड्यानं पुसली, बल्बखाली धरली, दोन माझ्या पोलक्यात छातीशी घातली. लाईट होती म्हणून बरं. तिघांनी डोळे उघडले. पाच गेली.

शेखर उकिडवा बसून होता. मी काही विचारलं नव्हतं. मी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. तो आपणहून म्हणाला, "माह्यानंच झालं, माय. तिनं लिहून देलतं, म्या वाचलं नाही. तिले आजच सांग, माह्या हातानं झालं म्हणून."

मी म्हणाले, "तुले माहीत नव्हतं रे."

"नव्हतं. पन झालं त माह्यानंच ना."

त्यानं बांधावर खड्डा खणून पाचही पुरली. मग विहिरीवर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन उरलेल्यांना खाणं कालवून दिलं.

आता एकोणीस आहेत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वरचं पत्र मी बंद करायला घेतलं होतं. डिंक लावायच्या आधी पुन्हा उघडलं.

माझ्या मुलानं कोणी न विचारता सांगून टाकलं, दहा मिनिटंही लागली नाहीत त्याला. मला दोन महिने होत आले.

आता जे लिहिते ते बसून वाच. काजलला जवळ बसव.

तुझ्या झोपेत पांघरूण सरकलं नव्हतं.

त्या दिवशी, बारशाच्या आदल्या दिवशी, तू तीन दिवसांची जागी होतीस. दवाखान्यातून बाळ आणल्यापासून तू तिला छातीवरून खाली ठेवलं नव्हतंस. सिस्टरनं सांगितलं होतं तसं. टोपी, मोजे, अंगाला अंग, वरून शाल. अडीच किलोची होईपर्यंत आंघोळ नाही, नुसतं कोमट कपड्यानं पुसायचं. मीही तिथंच उभी होते. आणि मला सिस्टरनं सांगायची गरज नव्हती. कमी वजनाच्या लेकराला आंघोळ घालू नका, हे मी एकोणीस वर्षं गावातल्या बायांना सांगत फिरले आहे. भिंतीवर तक्ता असायचा, त्यावर काठी ठेवून दाखवायचे मी.

मी तुला म्हणाले, "तू घडीभर झोप, मी घेते तिले." तू म्हणालीस, "आई, छातीशीच ठेवा हं." आणि माझ्या हातात दिलीस. तू विश्वासानं दिलीस.

अन्नपूर्णाबाई आलेल्या होत्या. म्हणाल्या, "उद्या गाव येईन बारशाले, अन् लेकराच्या मानेत मळ बसला. काय म्हनतीन लोकं? आन, दोन तांबे घालून देतो." त्यांच्यावर मी ढकलत नाही. त्या अडाणी आहेत, त्यांनी पन्नास लेकरं न्हाऊ घातली. मी नको म्हणाले असते तर त्या गप्प बसल्या असत्या. मी नको म्हणाले नाही.

का नाही म्हणाले, हे मी फार दिवस स्वतःला विचारलं. लोकांची भीती होतीच. पण खरं सांगू? मला तुझा राग येत होता. माझी नात, आणि पंधरा दिवसांत मला ती धड हातात मिळाली नव्हती. काचेच्या पेटीत होती, मग तुझ्या शालीत. तू मला शिकवायचीस, आई हात धुतले का, आई पदर गार आहे तुमचा. मला वाटलं, एकदा तरी माझ्या पायांवर घेऊन, माझ्या हातानं हिचं काहीतरी करीन. एवढंच.

अकरा वाजता आंघोळ घातली. पुसून, गुंडाळून तुझ्या कुशीत आणून ठेवली तेव्हा तू गाढ झोपेत होतीस. तिचे पाय गार लागले मला. मला ते लागले, समीक्षा. मी मोजे चढवले आणि स्वयंपाकाला गेले. तू चार वाजता उठून ओरडलीस तेव्हा मी दारात आले आणि तुझ्याआधी मीच बोलले, "झोपेत पांघरूण सरकलं असंन वं तुह्या."

मी ठरवून नाही बोलले. तोंडातून आलं. पण नंतर ते परत घेतलं नाही. चिखलीला जीपमधून जाताना नाही, तिथून बुलढाण्याला पाठवलं तेव्हा नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हाही नाही. डॉक्टरांनी विचारलं, आंघोळ घातली होती का, मी नाही म्हणाले. तू माझ्या शेजारी उभी होतीस. तूही नाही म्हणालीस, कारण तुला तेच माहीत होतं.

तुझ्या झोपण्यानं काही झालं नाही. तू सगळं बरोबर केलं होतंस.

उद्या शेखर चिखलीला जातो आहे, त्याच्या हाती पत्र देत नाही. मी स्वतः जाऊन टाकते. त्याला आज सांगेन. मी हे लिहिल्यावर सांगणार आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

सरस्वती


४ फेब्रुवारी

समीक्षा,

तुझं काही उत्तर नाही. मी मागत नाही. इथं काय झालं तेवढं कळवते, कारण ते तुझंही आहे.

शेखरला त्याच दिवशी सांगितलं. तो ताटावर बसला होता. एकच विचारलं त्यानं, "तिनं तुह्या हातात देलती?" मी म्हणाले, हाव. त्यानं ताट बाजूला सारलं. मला वाटलं ओरडेल, भांडी फेकेल. त्यानं हात धुतले आणि मळ्यात निघून गेला. त्यानंतर आठ दिवस तो घरात होता, पण माझ्याशी बोलला नाही. स्वतःचं स्वतः करून खायचा. पिल्लांच्या खोलीत दोघं एकाच वेळी असलो की तो माझ्या मागून वाट काढून जायचा, पदराला लागू नये असा.

मग एके सकाळी पिशवी भरून जळगाव जामोदच्या गाडीला बसला. तो तुझ्याकडे आहे हे मला काजलच्या निरोपावरून कळलं. तुझे बाबा भगवानराव यांनी त्याला घरात घेतलं, त्यांचे उपकार आहेत.

गावातही सांगितलं. हळदीकुंकू चालू होतं मारुतीच्या देवळामागे, करिष्माच्या घरी. मी विधवा बाई, मला कोणी बोलवत नाही आणि मी जात नाही. त्या दिवशी न बोलावता गेले, उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. आतमध्ये तुझंच चाललं होतं. शिकलेल्या पोरी झोपाळू असतात, लेकराची कदर नाही, असं. मी म्हणाले, "समीक्षानं काही केलं नाही. सरकारी मदतनीस होती म्या, मले सगळं माहीत होतं, तरी म्या त्या लेकराले न्हाऊ घातलं, अन् नाव तिचं सांगतलं."

करिष्माच्या हातात वाणाची वाटी होती, ती तशीच धरून उभी. अन्नपूर्णाबाई मागून बाहेर आल्या, माझ्या दंडाला धरून कोपऱ्यापर्यंत नेलं. "काऊन सांगतलं वं? माहं नाव नाही घेतलं तू. पन सगळ्याहिले समजलं ना." रडायला लागल्या. मी त्यांना घरी सोडून आले.

आता पहाटे पाण्याला बाया येतात तेव्हा माझ्या हंड्याजवळ जागा मोकळी राहते. ज्या घरांत मी लेकरांची वजनं करायला जायचे, तिथल्या सुना मला पाहून पदर ओढून लेकरू आत नेतात. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं.

पिल्लं चार आठवड्यांची झाली. बल्ब दिवसा बंद करते, संध्याकाळीच लावते. आता पोटाखाली खरी पिसं येताहेत. पाय अधू होता ते पिल्लू सगळ्यांत पुढे पळतं. कुटार रोज बदलते, फार ओलं करतात. कोथिंबीर, कोबीची पानं बारीक चिरून टाकली की भांडतात. घरात आवाज तेवढाच आहे.

सरस्वती


२० फेब्रुवारी

समीक्षा,

शेखर आला आहे. बदकं न्यायला तू त्याला पाठवलंस, तुझ्या बाबांच्या शेतात पाण्याचं डबकं आहे तिथं सोडणार म्हणाला. हे तो माझ्याशी नाही, जीपवाल्या जीवनशी बोलला, मी ऐकलं. बरं झालं. ती तुझीच होती.

आता ती सहा आठवड्यांची आहेत. पोटाखाली हात घालून पाहिला, पिसं भरली आहेत. पाण्यात सोडायला हरकत नाही. पहिले काही दिवस उन्हात, थोडा वेळच सोड, कड उतरती असू दे, म्हणजे आपली आपण बाहेर येतील. आठ दिवसांचं खाणं पोत्यात बांधून दिलं आहे. नवं खाणं एकदम बदलू नकोस, जुन्यात मिसळत जा.

मी येणार नाही. तुम्ही दोघं तिकडेच राहणार हे शेखरच्या पिशव्या बघून कळलं. हिवाळ्याचे कपडेही घेतले त्यानं.

त्यानं तुझी चिठ्ठी माझ्या हातात दिली नाही, चुलीच्या कट्ट्यावर ठेवली. तीन प्रश्न आहेत. तो अंगणात टोपल्यांना जाळी बांधतो आहे, तेवढ्यात उत्तर लिहिते. तू विचारलं आहेस म्हणून जसं होतं तसं सांगते, कमी करून सांगत नाही.

पाणी गरम होतं का. सुरुवातीला होतं. मी कोपरानं पाहिलं होतं. पण अन्नपूर्णाबाई बोलत बोलत घालत होत्या, आणि न्हाणीला वरून पत्रा नाही, वारा होता. शेवटचे दोन तांबे कोमटही नव्हते. मला ते कळलं होतं. आता झालंच आहे, म्हणून मी थांबवलं नाही.

किती वेळ ती उघडी होती. पाव तास. जास्तही असेल. टॉवेल दोरीवर होता, तो दमट निघाला, मग मी आत दुसरा शोधायला गेले. तेवढा वेळ ती अन्नपूर्णाबाईच्या पायांवर ओलीच होती.

ती रडली का.

रडली. सुरुवातीला खूप रडली. तुझी झोप मोडेल म्हणून मी जाऊन तुझ्या खोलीचं दार लोटून घेतलं. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, आवाज चांगला हाय पोरीचा. मग हळूहळू तिचा आवाज बारीक झाला आणि ती गप्प झाली. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होती. मी तिला उचलून घेतलं आणि म्हणाले, पाहा, आजीच्या हातात आली तशी कशी शांत झाली.

सरस्वती